शाळा आली की भोंगा दाबा

पों.

दचकलात? दचकायलाच हवं, माझा जन्मच मुळी त्यासाठी झाला. मी भोंगा. पुढे पितळी कर्णा आणि मागे काळा रबरी फुगा, एवढाच माझा देह. फुगा दाबला की मी बोलतो, सोडला की श्वास घेतो. हल्ली मला कुणी फारसं दाबत नाही, त्यामुळे पोटात बरंच साठलंय. तुम्ही आता बसलाच आहात तर सगळं सांगूनच टाकतो.

माझा कर्णा कुठे घडला ते मला नीट आठवत नाही. स्वतःचा जन्म कुणाला आठवतो? फुग्याचं तर विचारूच नका. फुगे येतात, उन्हानं चिरतात, बदलतात. त्यांच्यात मी जीव गुंतवत नाही. कर्णा मात्र पहिल्यापासून तोच आहे, म्हणून मी स्वतःला कर्णा समजतो आणि फुग्याला माझा नोकर.

माझा पहिला मालक इलाहीबक्ष. सोलापूर स्टेशन ते सात रस्ता अशी त्याची रिक्षा होती आणि तिच्या उजव्या अंगाला मी. इलाहीबक्ष मला कामाला कमी आणि गप्पांना जास्त वापरायचा. मित्र दिसला की पों, चहा सांगायचा असला की दोनदा पों, पुढच्या सायकलवाल्याची चाल आवडली नाही तर लांबलचक पों. माणसांना बोलायला तोंड दिलेलं असताना ती भोंग्यातून का बोलतात, हे कोडं मला तेव्हापासून पडलंय. पण माझी तक्रार नव्हती. स्टेशनच्या चौकात माझा दरारा होता.

मग रिक्षांना बॅटरीचे हॉर्न आले. बटण दाबलं की टीं. ना कर्णा, ना फुगा, ना काही घराणं. इलाहीबक्षनं एका दुपारी पान्यानं माझे स्क्रू काढले, मला फडक्यानं पुसलं आणि घरातल्या खिळ्याला टांगलं. त्या खिळ्यावर मी किती काळ लटकलो ते सांगवत नाही. शेजारी एक छत्री होती, तिला पावसाळ्यात तरी बाहेर जायला मिळायचं.

तिथून मला सोडवलं ते बिरुदेवनं. बिरुदेव होटगीचा. सायकलच्या मागे लाकडी पेटी बांधून तो गारीगार विकतो. बर्फाचा दांडा, वर लाल नाहीतर केशरी रंग, चोखला की जीभही त्याच रंगाची. तो इलाहीबक्षच्या दारात पाणी प्यायला थांबला, त्यानं मला बघितलं आणि त्याचे डोळे लकाकले. इलाहीबक्षनं पैसे घेतले नाहीत. खिळ्याला लटकून काळं पडण्यापेक्षा पोरांच्या कानात वाजेल, असं काहीसं तो म्हणाला. मोठ्या मनाचा माणूस होता.

बिरुदेवच्या हँडलवर बसलो आणि मला कळलं की आतापर्यंत मी नुसता वाजत होतो, कामाला आता लागलो. होटगीहून निघायचं, उन्हातून सायकल दामटत जुळे सोलापूरच्या कॉलन्यांमध्ये शिरायचं, आणि मी पों केलं की फ्लॅटांचे जिने धडधडायला लागायचे. पोरं, पोरांच्या आया, कधी कधी डायबेटिस असलेले आजोबासुद्धा गुपचूप.

या धंद्याचे काही कायदे होते. शाळा आली की भोंगा दाबायचा आणि थांबायचं. रेल्वेचं फाटक पडलं की खूश व्हायचं, कारण अडकलेल्या गाड्यांमधली माणसं तहानलेली असतात. जिथे सगळ्यांना गाडी लावायला मनाई तिथेच सायकल लावायची, कारण गर्दी तिथेच असते. रस्त्यात पोरं दिसली की हळू व्हायचं नाही, आणखी जोरात वाजवायचं. हे कायदे बिरुदेवच्या हातात इतके मुरले होते की शाळेची नुसती भिंत दिसली तरी त्याचा पंजा आपोआप माझ्या फुग्यावर यायचा. हे कायदे आमचा घात करतील असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्या कानात वाजलो असतो.

मग बिरुदेवच्या गुडघ्यानं दगा दिला. होटगीच्या वाटेवर एक चढ आहे, त्याच्या मध्यावर गुडघा कुरकुरला आणि सायकल, पेटी, मी, सगळे आडवे. डॉक्टरांनी साफ सांगितलं, सायकल बंद.

बिरुदेवचा भाचा अभिमन्यू श्रीपूरच्या साखर कारखान्यात कामाला. त्यानं नवी मोटरसायकल घेतली होती, म्हणून आपली जुनी मोपेड मामाला आणून दिली. मोपेड अंगणात उभी राहिली आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या सीटवर कोंबडी बसली. कारण बिरुदेवच्या बायकोनं, सारजाबाईनं, किल्ली कमरेला खोचली होती.

"लायसन काढा, मग किल्ली," ती म्हणाली. "गावातल्या गावात असतं तर मी बोलले नसते. तुमी हायवेवरनं जाणार. तितले नियम ठावं न्हाईत तवर मी तुमास्नी जाऊ देनार न्हाय."

मुदतही तिनंच घातली. होळीपर्यंत लायसन आलं तर ठीक, कारण होळीनंतर सोलापूरचं ऊन गारीगार मागतं. नाही आलं तर मोपेड श्रीपूरला परत आणि बिरुदेवनं तिच्या भावाच्या पिठाच्या गिरणीत जाऊन बसायचं. गिरणी म्हटल्यावर बिरुदेवचा चेहरा पडला. उन्हात हिंडणारा, दिवसभर पोरांशी थट्टा करणारा माणूस तो, पिठात पांढरा होऊन पट्ट्याची घरघर ऐकत बसणार? आणि माझं काय? गिरणीत भोंगा कोण वाजवतो? पुन्हा खिळा. या वेळी तर शेजारी छत्रीही नसणार.

म्हणजे बिरुदेव पास व्हायला हवा, हे माझ्याही जिवाचं काम होऊन बसलं.

गाडी चालवायच्या आधी एक शिकाऊ लायसन काढावं लागतं आणि त्यासाठी कॉम्प्युटरवर प्रश्नांची परीक्षा असते. प्रश्न येतो, खाली उत्तरं येतात, ठरलेल्या वेळात बरोबर उत्तरावर बोट ठेवायचं. बिरुदेवला शाळा सोडून कैक वर्षं झालेली. शिकवायची जबाबदारी त्याच्या मुलीनं, उत्कर्षानं, घेतली. ती सोलापुरात कॉलेजला जाते आणि तिच्या मोबाइलमध्ये हे सगळे प्रश्न होते. शिवाय तिनं वाहतुकीच्या चिन्हांचा एक रंगीत तक्ता आणून चुलीच्या बाजूच्या भिंतीला चिकटवला.

त्या तक्त्यावर मी माझं चित्र पाहिलं. एकदा नाही, दोनदा. एका निळ्या गोलात मी पांढराशुभ्र, ऐटीत, आणि त्याचा अर्थ होता हॉर्न वाजवणं सक्तीचं. दुसऱ्या गोलात मीच, पण माझ्या अंगावरून लाल आडवी रेघ. माझ्यासारखा कर्णा, माझ्यासारखा फुगा, आणि वर काट. हा कुठला न्याय? त्या बॅटरीच्या हॉर्ननं सगळीकडे कलकलाट करायचा आणि फोटो छापताना मात्र माझा.

बिरुदेवला तर त्या चित्राचं भलतंच कौतुक वाटलं. त्यानं ते बोटानं चाचपलं आणि विचारपूर्वक अर्थ सांगितला, "हितं गारीगार इकायला मनाई हाय."

उत्कर्षानं कपाळाला हात लावला. शाळेचं चिन्ह, म्हणजे दप्तर घेऊन पळणारी दोन पोरं, ते त्यानं ओळखलं, "पोरं गारीगारकडं पळाल्याली." फाटकाचं चिन्ह पाहून तो म्हणाला, "होटगीचं फाटक. धंद्याची जागा." त्याच्या लेखी तो सगळा तक्ता म्हणजे गारीगार कुठे खपतं आणि कुठे खपत नाही याचा नकाशा होता.

पुस्तकी मराठीनंही आम्हाला छळलं. एका प्रश्नात पादचाऱ्यास प्रथम जाऊ द्यावे असं होतं. बिरुदेवनं तो शब्द एकदा वाचला, इकडे तिकडे बघितलं आणि पुन्हा वाचायला नकार दिला. उत्कर्षानं समजावलं, आप्पा, पादचारी म्हणजे पायी चालणारा माणूस.

"मग मानूस म्हना की," बिरुदेव म्हणाला. "चालताना कोन काय करतं, सरकारला काय करायचंय."

सारजाबाई भाकरी थापता थापता इतकी हसली की भाकरीचा आकार बिघडला.

उत्कर्षानं एक युक्ती काढली. उत्तर चुकलं की ती मला दाबणार. टीव्हीवरच्या कार्यक्रमात वाजवतात तसं. झालं. त्या थंडीत मी जेवढा वाजलो तेवढा भर उन्हाळ्यात वाजलो नव्हतो. अरुंद पुलावर समोरून गाडी आली तर काय कराल? बिरुदेव म्हणाला, वळखीचा हाय का बघीन. पों. दवाखान्यासमोर काय काळजी घ्याल? बर्फ साफ पाण्याचा हाय म्हनून सांगीन. पों. पुढे रस्त्यात मुलं खेळत असतील तर? हे विचारायच्या आधीच त्याचा पंजा माझ्याकडे वळला होता. पों.

पण गल्लीतल्या पोरांना हे कुठे ठाऊक? प्रत्येक पों ऐकून ती स्वेटर घालून, मुठीत नाणं घेऊन दारात हजर. कडाक्याच्या थंडीत गारीगार कुठलं? सारजाबाईनं त्यांना आधी रागावून पाहिलं, मग शेंगा देऊन पाहिल्या. शेंगा मिळतात म्हटल्यावर पोरं वाढली. शेवटी बाहेरून पोरंच ओरडायला लागली, काका, अजून चुका.

अशा तयारीवर आम्ही परीक्षेला गेलो. आम्ही म्हणजे बिरुदेव आणि मी. अंगणातल्या सायकलवर ठेवला तर चोरीला जाईल म्हणून त्यानं मला सोडवून कापडी पिशवीत घातलं आणि पिशवी मांडीवर घेऊन तो कॉम्प्युटरसमोर बसला. खोली एकदम शांत. कॉलेजची पोरं-पोरी भराभर बोटं ठेवत होती. बिरुदेव प्रत्येक अक्षर ओठांनी वाचत होता.

सुरुवातीचे प्रश्न बरे गेले. मग पडद्यावर आलो मी. तोच लाल गोल, तीच काट. बिरुदेवला परक्या गावात घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. आनंदाच्या भरात त्यानं मांडीवरच्या पिशवीवर थाप मारली.

पों.

सगळी खोली वळली. समोर बसलेल्या साहेबांनी विचारलं, मोबाइल कुणाचा वाजला? खोटं बोलायची बिरुदेवला सवय नाही. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मोबाइल न्हाय सायेब, भोंगा हाय." एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण त्यानं मला बाहेर काढलं आणि पडद्याशेजारी धरून दाखवलं, की बघा, ह्यो अन् त्यो एकच. पोरं तोंड दाबून हसायला लागली. साहेबही हसले असते, पण त्यांना खुर्ची सांभाळायची होती. तेवढ्यात त्या प्रश्नाची वेळ संपली.

पुढचा प्रश्न शाळेचा होता. शाळेजवळून जाताना काय कराल? बिरुदेव आधीच गडबडला होता. बोटानं डोक्याला विचारलंच नाही. ते सरळ गेलं आणि हॉर्न वाजवत पुढे जावे या उत्तरावर बसलं. त्यानंतर तो सावरलाच नाही.

नापास झाल्याचं सांगताना साहेब रागावले नाहीत. पुन्हा या म्हणाले. "काका," ते म्हणाले, "ही गाडी चालवायची परीक्षा आहे, गारीगार विकायची नाही."

परतीच्या एसटीत बिरुदेवनं माझी पिशवी मांडीवर न घेता पायाशी ठेवली. घरी आल्यावर त्यानं मला भिंतीच्या कडेला ठेवलं आणि सारजाबाईला म्हणाला, गिरणीत कधीपासून यायचं ते भावाला विचार. आपल्या डोक्यात हे शिरणार नाही. जन्मभर शाळा दिसली की भोंगा दाबला, आता शाळा दिसली की गप बस म्हणतात. हात ऐकत नाही त्याला मी तरी काय करू?

सारजाबाई चिडली नाही. चहा ठेवला. उत्कर्षा मात्र तक्त्यापाशी उभी होती, पाठमोरी.

"आप्पा," ती म्हणाली, "माझ्या हनुवटीवरची खूण कशाची हाय?"

"ओट्यावरनं पडलीस तवाची."

"ओट्यावरनं न्हाय. रस्त्यावर पडले होते. पलीकडनं तुमचा भोंगा ऐकला अन् शाळेतनं पळत सुटले. जीप बघितलीच न्हाय. जीपवाल्यानं ब्रेक दाबला म्हणून नुसती हनुवटी फुटली. तुमी सायकल टाकून द्याल म्हणून आईनं सांगितलं न्हाय."

बिरुदेव उठला, मुलीजवळ गेला आणि त्यानं त्या खुणेवरून अंगठा फिरवला. त्याच अंगठ्यानं तो मला दाबायचा. मला फार वाईट वाटलं. आधी वाटलं आपली बाजू मांडावी, की भोंगा नुसता वाजतो, पळायला कुणी सांगितलं होतं? पण मला दाबणारं कुणी नव्हतं, आणि असतं तरी हे तोंडातून आलं नसतं.

मग तक्त्याकडे वळून बिरुदेव म्हणाला, "पुन्हा विचार सगळे. पन ह्या खेपेला नियम कुनासाठी हाय ते बी सांग."

आणि गंमत बघा, त्या संध्याकाळपासून गाडं रुळावर आलं. अरुंद पुलावर कुणासाठी थांबायचं? पलीकडून आधी चढलेल्यासाठी. दवाखान्यासमोर गप्प का? आत कुणाची तरी आई झोपली असेल म्हणून. फाटकात रांग सोडून पुढे का घुसायचं नाही? फाटक उघडल्यावर समोरच्याला वाट हवी म्हणून. नियमाच्या पलीकडे माणूस उभा केला की बिरुदेवला तो नियम लगेच ओळखू यायचा. शेवटी त्याचा सगळा जन्म माणसं ओळखण्यातच गेला होता. पादचाऱ्यालासुद्धा त्यानं मान दिला, फक्त नाव न घेता.

उत्तरं बरोबर यायला लागली तसा मी बेकार झालो. दारात पोरं थांबायची, पण पों नाही म्हणजे शेंगा नाहीत. अजून चुका, असं एकानं बाहेरून विनवून पाहिलं. आत कुणी चुकेना.

होळी महिन्या-दीड महिन्यावर आली तेव्हा दुसरी परीक्षा झाली. या वेळी सारजाबाई बरोबर होती. मला घरी ठेवा असं उत्कर्षाचं म्हणणं होतं, पण बिरुदेवला माझ्याशिवाय धीर येत नव्हता. मग सारजाबाईनं एक जुनं फडकं घेऊन माझ्या कर्ण्यात असं कोंबलं की मला शिंकही येऊ नये. अपमान किती सहन करावा माणसानं, म्हणजे भोंग्यानं?

तोंडात बोळा असला तरी फुग्याला सगळं कळतं. बिरुदेवचा डावा हात पिशवीवर होता. माझं चित्र आलं तेव्हा त्याचं बोट बरोबर जागी गेलं. मग शाळेचा प्रश्न आला. त्याचा डावा पंजा सवयीनं माझ्यावर आवळला, चांगला आवळला, मी बोळ्यामागे गुदमरलो. पण उजवं बोट हळूच सरकलं आणि वेग कमी करावा, हॉर्न वाजवू नये यावर जाऊन टेकलं. तसंच कितीतरी वेळ टेकून राहिलं, कुणाच्या तरी डोक्यावर हात ठेवल्यासारखं.

पास झाल्याचं कळलं तेव्हा तो ओरडला वगैरे नाही. बाहेर बाकावर बसलेल्या सारजाबाईच्या हातात त्यानं कागद दिला. तिनं तो उलटा धरून सगळा वाचला, डोळे पुसले आणि माझ्या तोंडातला बोळा उपसला. बिरुदेवनं आनंदानं मला उचललं, दाबलं, आणि अर्ध्यातच हात सोडला. रस्त्यापलीकडे दवाखान्याची पाटी होती. म्हणून आमच्या विजयाचं पों अर्धंच वाजलं. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

महिन्याभरानं, होळीच्या आत, गाडीची परीक्षा झाली. जमिनीवर आखलेल्या आठाच्या आकड्यावरून मोपेड फिरवायची होती. होटगीच्या रस्त्यातले खड्डे चुकवलेल्या माणसाला आठाचं काय, त्यानं तो गुणगुणत काढला. सारजाबाईनं कमरेची किल्ली दिली, कोंबडीनं सीट सोडली, मागे पेटी बांधली गेली आणि हँडलवर मी. मोपेडला तिचा स्वतःचा बटणाचा हॉर्न होता. त्यानं मला टीं करून नमस्कार केला. मी दुर्लक्ष केलं. तुझ्यासारख्यानं माझी एकदा रोजी घालवली आहे, पण हँडलची वरची जागा आता माझी आहे. त्या सकाळी जुळे सोलापूरकडे जाताना माझ्याइतका ताठ भोंगा साऱ्या जिल्ह्यात नसेल.

आम्ही शाळेसमोर पोचलो. फाटकाशेजारी नवा खांब होता आणि खांबावर पाटी. लाल गोल, आत मी, वर काट.

शाळा सुटली. मी श्वास भरून तयार. बिरुदेवचा पंजा माझ्यावर आला, थांबला, आणि खाली गेला.

पोरं बाहेर पडली आणि आमच्या अंगावरून निघून गेली. सायकल नाही, आवाज नाही, आणि बिरुदेवच्या डोक्यावर हेल्मेट. नियम म्हणजे नियम. पोरांना वाटलं कुरियरवाला आहे. गारीगारचं तांबडं पाणी झालं आणि रात्रीच्या जेवणाला घरात सगळ्यांनी तेच प्यायलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी सारजाबाईची जीभ लाल होती, तरी ती गंभीरपणे म्हणाली, गिरणीतली जागा अजून रिकामी आहे हं.

आता आली का पंचाईत? परीक्षेत नापास झालो असतो तरी गिरणी, आणि पास झालो तर पास झाल्यामुळेच गिरणी. मला तर त्या तक्त्यावर, त्या मोबाइलवर, साऱ्या शिक्षणावरच राग आला.

शाळेचा रखवालदार निंगप्पा अक्कलकोटकडचा. चौथ्या दिवशी शाळा सुटताना त्याला आमची दया आली. कोण बघतंय, दाब की एकदा, असं त्यानं हळूच सुचवलं. बिरुदेवचा हात माझ्यापर्यंत आला. मी मनात म्हटलं, दाब. एकदाच. तुझ्या गुडघ्याची शपथ.

"नगं," बिरुदेव म्हणाला. "भोंगा ऐकला की पोरं न बघता पळत येत्यात, निंगप्पा. माझ्याच पोरीची हनुवटी फुटली." आणि त्यानं हात खिशात घातला.

मी तेव्हा चिडलो होतो. आज सांगतो, त्या हाताखाली मी इतकी वर्षं वाजलो, पण तो इतका भारी कधी वाटला नव्हता.

तेवढ्यात दोन वेण्यांची एक मुलगी आमच्यासमोर येऊन थांबली. तिनं वाकून हेल्मेटच्या आत पाहिलं. मग मला पाहिलं. रेश्मा नाव तिचं.

"गारीगारवाले काका, तुमीच का? भोंगा बिघडला का तुमचा?"

बिरुदेवनं हेल्मेट काढलं आणि पाटीकडे बोट केलं. शाळेसमोर याला बोलायला मनाई आहे, असं त्यानं तिला समजावलं. रेश्मानं पाटी पाहिली, मला पाहिलं, पुन्हा पाटी पाहिली. तिनं बराच विचार केला. मग ती वळली, फाटकाच्या आत परत गेली, तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि मैदानाकडे बघून ओरडली.

"पोंऽऽ पों."

मैदानावरची डोकी वर झाली. एकानं उत्तर दिलं, पों. मग दोघा-चौघांनी. मग साऱ्या वर्गांतून, जिन्यांतून, पाण्याच्या नळापासून पों पों पों पों, बारीक, घोगरं, दात पडलेलं, सर्दी झालेलं. एक बाई खिडकीतून डोकावल्या आणि निंगप्पाला म्हणाल्या, हे काय चाललंय, बाहेर पाटी लावली आहे ना?

निंगप्पानं टोपी सरळ केली. पाटीकडे नीट निरखून पाहिलं.

"बोर्डावर भोंगा हाय बाई," तो म्हणाला. "पोरं इल्ल." इल्ल म्हणजे त्याच्या कानडीत नाहीत.

मग तो रस्त्याच्या मध्ये जाऊन उभा राहिला, दोन्ही हात आडवे करून गाड्या थांबवल्या आणि पोरांना रांगेनं पलीकडे सोडलं. पळायचं नाही, चालत जायचं. पों पों करत सगळे पादचारी आले. पेटी रिकामी झाली. बिरुदेव गारीगार देत होता, हसत होता आणि मधूनच दंडानं डोळे पुसत होता. घामच असेल म्हणा, सोलापूरचं ऊन आहे.

आता रोज असंच चालतं. गिरणीतली जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. मी हँडलवर असतो, कर्णा घासलेला, फुगा थोडा चिरलेला. उघड्या माळावर कधीतरी बिरुदेव मला उगाच एकदा दाबतो, ओळख राहावी म्हणून. बाकी दिवसभर मी मुका. पण शाळा सुटायच्या वेळेला तिथे उभा राहतो आणि माझा आवाज एवढ्या साऱ्या गळ्यांतून बाहेर येताना ऐकतो. असं भाग्य बटणाच्या हॉर्नला मिळालेलं मी तरी ऐकलं नाही.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. आमच्या शाळेवरून जाताना गाडी हळू घ्या आणि तेवढ्यापुरता तुमचा हॉर्न दाबू नका. त्या वेळी पोरं मला हाक मारत असतात, आणि माझं वय झालंय, मला जरा कमी ऐकू येतं.